निळ्या रंगाचा एक हात

प्रिय अक्का,

‘प्रिय’ लिहिताना पेन जरा अडलं, खोटं कशाला बोलू? तुमचं वर्षश्राद्ध होऊन गेलं, तेव्हाही मी काही लिहिलं नाही. आज लिहायला बसले, कारण उद्या सकाळी मला एक उत्तर द्यायचं आहे, आणि त्यावरून भांडायला माझ्याकडे दुसरं कुणी उरलेलं नाही.

आपल्या आळीच्या तोंडाशी उभे असलेले ते दोन दगडी खांब दुरुस्त होताहेत. सिंहस्थ जवळ आला तशी पंचवटीत जिकडेतिकडे खोदाखोद सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, आता हे खांबही जाणार. मग कुठे आळी जागी झाली! घरटी एक माणूस दर रविवारी कामाला येऊ लागला. चष्मेवाली एक आर्किटेक्ट मुलगी येते, ऋता तिचं नाव. ती सांगते तसं सगळे करतात. सांध्यातलं सिमेंट खरवडून चुना भरला, निसटलेले दगड पाथरवटाने पुन्हा बसवले.

आपल्या नवऱ्यांच्या, दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा हे खांब कुणाच्याच वाट्याला आले नव्हते, आठवतं? कसे येतील, ते आळीचे. पण शिरताना डाव्या हाताचं घर तुम्हाला मिळालं नि उजव्या हाताचं आम्हाला. मग डावा खांब थोरलीचा झाला आणि उजवा धाकटीचा. रिक्षावालेसुद्धा ‘धाकटीच्या खांबापाशी सोडू का?’ असं विचारायचे. माझ्या नावाने या गावात तेवढी एकच गोष्ट होती.

आणि मी माझा खांब ठेवला कसा होता! दर दिवाळीला ऑइलपेंटचा नवा हात. दिव्याचा कोनाडा काथ्याने घासूनघासून लख्ख करायचे. तुम्ही काय केलंत? पावसाने धुतला तर धुतला. तुमच्या कोनाड्यात काजळीचे थर चढले होते. मी बोलले की तुमचं ठरलेलं, ‘अगं, दगडाला कशाला लाली-पावडर?’

तर ऐका आता. ऋताने पहिल्याच दिवशी तुमच्या खांबावरून हात फिरवला आणि म्हणाली, किती सुंदर राहिलाय हा, याला फक्त पाण्याने पुसा. आणि ती काजळी? तिला कुणी हात लावायचा नाही म्हणे, ती आळीची जुनी खूण आहे! माझ्या खांबापाशी येऊन मात्र तिने कपाळाला हात लावला. रंगाखाली ओल कोंडली, दगडाचे पापुद्रे सुटले, सगळा रंग उतरवावा लागेल. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तुमचा आळस तो वारसा, आणि माझे कष्ट ते नुकसान?

हे काही नवीन नाही म्हणा. भाजीवाला आपल्या दोघींना एकाच भावाने मेथी द्यायचा, पण कोथिंबिरीच्या वरच्या काड्या तुमच्या पिशवीत पडायच्या. माझ्या प्रशांतला सातपूरला नोकरी लागली, तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन तो आधी तुमच्या दारात गेला. माझ्या पोटचा पोर! ‘मोठ्या आईला आधी’ म्हणाला. मी हसले, आणि आत जाऊन भांडी आपटली.

आणि गेलात त्याही कशा! झोपेत, हिरव्या साडीत, भावोजींच्या आधी. तुम्हाला हळदकुंकू वाहायला बायकांची रांग लागली होती, आणि मी, विधवा, भिंतीला टेकून उभी. कुणी मला पुढे हो म्हणालं नाही. त्या दिवशीसुद्धा मला रडण्याआधी तुमचा हेवा वाटला, अक्का. हे मी कुणाजवळ बोलू?

पण पुढे गंमत झाली. रंग खरवडायला सगळी आळी माझ्याच खांबाभोवती जमू लागली. तुमच्या खांबाकडे बघायलाही कुणाला सवड नाही! रंगाऱ्याच्या पत्र्याच्या पट्टीने एकेक थर निघायचा आणि गप्पा सुरू व्हायच्या. हा पोपटी आमच्या लग्नातला, हा गुलाबी धाकट्याच्या बारशाच्या वेळचा. जुन्या फोटोंत आपल्या घरच्या माणसांमागे माझा खांब आहे, हे तेव्हा लोकांना कळलं. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसले, दोनदा चहा केला. मिरवले, हो, मिरवले!

गेल्या रविवारी चॉकलेटी थराखाली निळा लागला. तो मी लावलेला नव्हता.

तुम्हाला माहीतच आहे तो कोणत्या साली लागला. हे गेले ते वर्ष. तेराव्यानंतर भाऊ मला माहेरी सायखेड्याला घेऊन गेला आणि दिवाळी उलटल्यावरच मी परतले. त्या साली आपल्या दोन्ही घरांत दिवाळी नव्हती. येऊन पाहते तर माझा खांब निळा! कोणी केला म्हणून तुम्हाला विचारलं, तर मेथी निवडता निवडता तुम्ही म्हणालात, ‘असतील मंडळाची पोरं.’ मी त्या पोरांना ओट्यावरून असं काही झाडलं की महिनाभर ती दुसऱ्या बोळातून जात होती. रागाच्या भरात मी पुन्हा हंडा-कळशी उचलायला लागले, स्वयंपाकाला लागले, आणि पुढच्या दिवाळीला त्या निळ्यावर चॉकलेटी चढवला.

मी तीच गोष्ट सगळ्यांना सांगत होते. तुमची सून सुनंदा माझ्याशेजारीच खरवडत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, “काकू, हा पोरांचा नाही. हा आईंचा हात आहे.”

तेव्हा बघितलं मी. निळा अर्ध्या खांबापर्यंतच होता. वरच्या अर्ध्यात चॉकलेटी थेट पोपटीवर बसलेला. स्टुलावर उभं राहूनसुद्धा तुमचा हात तेवढाच पोचला असणार, ठेंगण्या बाई! नव्या नवरीने, सुनंदाने, स्टूल धरलं होतं. रविवार कारंज्यावरच्या दुकानातून रंगाचा डबा आणलात तोही तिला घेऊनच. आणि तिला बजावलंत, ते तिने मला शब्दाला शब्द सांगितलं:

“तिला कळू देऊ नकोस. उपकार मानत बसेल, माझ्याशी भांडायचीच नाही. मग ती उठेल कशाच्या जोरावर?”

अक्का, हे काय वागणं झालं? म्हणजे मी इतकी वर्षं भांडले, तीसुद्धा तुमच्या मर्जीने? माझी म्हणून एक गोष्ट होती, तुमच्यावरचा राग, तिच्यातही तुम्ही आधीच येऊन बसलेल्या! मी खुर्ची उचलून घरात गेले. लोकांना वाटलं, ऊन लागलं.

आता प्रश्न असा आहे. ऋता म्हणते, दगड सगळा मोकळा करू, पण साक्ष म्हणून तळहाताएवढा एक रंग ठेवू. कोणता हात ठेवायचा ते आजी ठरवतील. पोरांना गुलाबी हवाय. चॉकलेटी ठेवला तर खांब माझा राहतो. निळा ठेवला तर? डावीकडे तुमची काजळी, उजवीकडे तुमचा निळा. दोन्ही खांब थोरलीचेच की! मग धाकटीचं काय राहिलं या आळीत?

तीन दिवस हेच घोकतेय.

निळाच ठेवायला सांगणार आहे. पण पुढच्या बाजूला नाही. आतल्या अंगाला, माझ्या ओट्यावरून मला दिसेल असा. खांबापाशी माहितीची पाटी लागेल, तिच्यावर तुमचं नाव येणार नाही. कुणी विचारलं तर धाकटीच्या खांबाचा रंग आहे, एवढंच सांगायचं, असं सुनंदाला बजावलंय.

आणि एक वचन देते. भावोजींचे हात आता कापतात, सुनंदाला दुकानामुळे सवड नसते. या दिवाळीपासून तुमच्या कोनाड्यात दिवा मी लावीन. आधी माझ्या कोनाड्यात, मग तुमच्या. त्यात बदल नाही. तुमची ती काजळी बघून माझे हात शिवशिवतील, पण मी ती घासणार नाही.

तुमच्याशी अजून भांडणारी,
धाकटी मंदा