मावशीच्या शेजारचा माग

४ नोव्हेंबर

मुकादम फॉर्म देऊन गेला. ‘कमकुवत कामगारांची नावं लिहा, त्यांना गोदामात हलवायचंय.’ मी मावशीचं नाव लिहिलं. सख्खी नाही, अख्खा कारखाना तिला मावशीच म्हणतो. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि माझ्या शेजारचा माग चालवते. तिच्या भल्यासाठीच लिहिलं! तीन वर्षं मीच सांभाळतेय की तिला. पहिल्याच दिवशी मुकादमाने मला तिच्या शेजारी उभं केलं, ते काय उगाच?

५ नोव्हेंबर

बसमध्ये कंडक्टर मावशीवर खेकसला – ‘बहिरी आहेस का?’ मी म्हटलं, ‘हो, आहे!’ मग काय, अख्खी बस वळून बघायला लागली. बिचारी, बिचारी. मलाच नको नको झालं. मावशी मात्र खिडकीबाहेर बघत शेंगदाणे खात होती.

दहा मिनिटांनी आम्ही मागांच्या खडखडाटात. तिथे कोण कुणाचं ऐकतंय! मुकादमाला हाका मारून माझा घसा बसला, तो आपला ढिम्म. शेवटी मावशीची खूण केली – मुठीवर दोन बोटं, म्हणजे धागा संपला. लगेच आणून दिला. सगळी शेड तिच्याच खुणांनी बोलते. मुकादमसुद्धा! आणि हे मला आज सुचतंय. तीन वर्षं काय झोपले होते?

७ नोव्हेंबर

सकाळी मावशी स्वतःचा माग सोडून माझ्याकडे आली. चौकटीवर तळहात ठेवला आणि सरळ लाल बटण दाबलं. मी भडकले – इतकं कापड बाकी आहे! फिटरने उघडून पाहिलं तर आतला पट्टा जेमतेम दोन दोऱ्यांवर टिकून होता. ‘तुटला असता तर थेट तोंडावर बसला असता, ताई.’

माझे दोन्ही कान शाबूत, पण मला काही कळलं नाही. तिला जमिनीतून कळलं, तळपायांना! काय बाई आहे! आणि हिला मी कमकुवत लिहिलं. लाज वाटते.

८ नोव्हेंबर

ऑफिसच्या दारापर्यंत गेले. परत आले. भित्री भागूबाई.

९ नोव्हेंबर

आज गेलेच. मावशीचं नाव खोडलं. कारकून म्हणाला, ‘बरं केलंत. नाहीतर तुमच्याकडे कोण बघणार होतं?’ ‘माझ्याकडे?’ मी विचारलं. त्याने माझी जुनी फाइल काढली. तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी, मावशीचं गोल गोल अक्षर –

‘नवी मुलगी फार दचकते. हाताला लागून घेईल. माझ्या शेजारी द्या, मी लक्ष ठेवीन.’