गौरीसाठी बसायची जागा

४ जानेवारी, शनिवार

ठरलं. शुक्रवारी गौरीला बघायला शिवराज नि त्याच्या घरचे अल खोरहून येणार, इथं आखातातच, तासाभराची वाट. पण घरी नाही — मॉलमध्ये! त्याची आई बबीता, तिचा निरोप: "बघायचा कार्यक्रम वाटायला नको. सहज भेटू." सहज म्हणे! एवढ्या लांबून गाडी हाकत येणार, ते सहज होय?

मॉल कुठला ते आम्ही सांगायचं. धनाजी, माझा लेक, म्हणला, "आये, तू नि संजीवनी बघून ठेवा." सूनबाईचं तोंड उतरलं.

गौरी माझी नात. सव्वीसची. दातांच्या दवाखान्यात कामाला. कशात कमी नाही. डावा पाय तेवढा बोटभर आखूड, जन्मापासून. बसली की कळत नाही. चालली की कळतं.

पत्रिका दिली तेव्हा हे सांगितलं नाही. सूनबाई म्हणली, "आधी पोरगी आवडू दे, मग सांगू." मीही हो म्हणले. दोन स्थळं पायापायीच परत गेलीत.

५ जानेवारी

होडीवाला मॉल. आत पाणी, पाण्यात होड्या, वर रंगवलेलं आभाळ. पाहुण्यांना दाखवायला झकास. तिथंच तर घोळ! एवढं बघितलं की कोण बसेल? सगळे फिरायलाच निघणार. गाडीपासून खुर्चीपर्यंत तीनशे बारा पावलं, मीच मोजली. सूनबाई म्हणली, "आत्याबाई, ओठ हलवू नका, लोक बघतायत." बघू देत. मॉल बाद.

७ जानेवारी

बर्फवाला. खाली पोरं बर्फावर घसरतात, वरून लोक बघतात. खायच्या जागी जायला सरकता जिना. गौरी आधी कठडा धरते, मग उजवा पाय टाकते. आंधळ्यालाही कळेल. बाद.

तिथनं लुसैलचा मॉल. राजवाडाच! या टोकाचा माणूस त्या टोकाला ओळखू येत नाही, एवढं चालणं. बाद. सूनबाई चहाच्या दुकानात बसून रडायला लागली. म्हणले, "रडायचं तर घरी रड. इथं नुसतं बसलं तरी चहा घ्यावा लागतो."

८ जानेवारी

सापडला! अल खोरच्या रस्त्यावरचा. गाडी लावा, लिफ्ट घ्या, बाहेर आलं की समोर कॉफीचं दुकान. एक्केचाळीस पावलं. संडास लांब आहे, पण गौरीला त्या दिवशी पाणी कमी द्यायचं.

बेत असा — तासभर आधी जायचं. गौरीला कोपऱ्यात बसवायचं. ते गेल्यावरच उठवायचं. फिरू म्हणले तर मी गुडघा धरायचा.

गौरीला सांगितलं. फोनमधनं मान वर न करता म्हणली, "ओके आज्जी." बस! भांडली असती तर बरं वाटलं असतं.

९ जानेवारी

सूनबाईनं गौरीची साडी तीनदा बदलली. जमिनीला टेकणारीच पाहिजे.

१० जानेवारी, शुक्रवार

जुम्म्याची नमाज झाल्यावर गर्दी उसळली. आम्ही त्याच्या आधीच बसलेलो. गौरी कोपऱ्यात, पाय टेबलाखाली.

आले. शिवराज, बबीता, तिचा नवरा. पोरगा बरा. कमी बोलतो. बबीता सगळ्यांचं बोलते. अर्धा तास नीट गेला. मग म्हणली, "चला की, एक चक्कर मारू. बसून बसून पाठ धरली."

मी गुडघा धरला. "अगं आई गं!"

"तुम्ही बसा आज्जी. गौरी, तू चल गं."

मी गुडघा आणखी घट्ट धरला.

तेवढ्यात शिवराज उठला. "मम्मी, बस ना. मी अजून कॉफी आणतो." आणली पण. वाचलो!

निघायची वेळ आली नि माझ्या लक्षात आलं — नमस्कार! पोरीनं उठून पाया पडायला नको का? एवढी पावलं मोजली नि हेच विसरले. बबीता समोर उभी, पदर सावरून, वाट बघत. मी म्हणले, "या परक्या फरशीवर कसला नमस्कार? घरी या, ओटी भरू, तेव्हा रीतसर." गौरीनं बसल्या जागी हात जोडले. बबीता जरा थांबली. मग हसली. पण डोळे हसले नाहीत.

११ जानेवारी

फोन नाही. सूनबाई जेवली नाही. मी जेवले.

१२ जानेवारी, रविवार

पसंत! बबीताचा फोन. "पोरगी शांत आहे हो." सूनबाईनं देवापुढं साखर ठेवली. मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो — आता पायाचं सांगायचं कुणी? म्हणले, मी सांगते. उद्या.

१३ जानेवारी

गौरी नको म्हणते.

का गं? तर म्हणली, "शिवराजला पायाचं माहितीय आज्जी. मी पहिल्याच फोनवर सांगितलेलं. तो म्हणला, चालेल, पण लग्न होईपर्यंत मम्मीला कळू द्यायचं नाही. म्हणून कॉफी आणायला उठला."

म्हणले, मग पोरगा तुझ्याच बाजूचा की!

"तुमच्या बाजूचा आहे तो. तिथं जाऊनपण मी कोपऱ्यातच बसू?"

बबीताला फोन लावला. नकार सांगितला. कारण विचारलं तिनं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, पायासकट.