नुसते ओठ हलवा

छावणी, छत्रपती संभाजीनगर
२० जानेवारी २०२५

ती. दगडाबाई आत्यास,
सोनियाचा स. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला सध्या बोलायला बंदी आहे, तेव्हा आपल्या दोघींना कागदच बरा. माझ्या स्वरतंतूवर गाठ होती, ती दहा तारखेला काढली. गाठ साधी निघाली, काळजी नाही. पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही आणि तीन महिने गायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढं बोलता नक्की येईल, गाण्याचं मात्र सांगता येत नाही, असंही म्हणाले. बाबा तेव्हापासून माझ्यासमोर हळू आवाजात बोलतात, जणू कान माझेच बिघडलेत.

काल चर्चमध्ये वीस वर्षांत पहिल्यांदा मागच्या बाकावर बसले. गायनमंडळासमोर माझ्या जागी प्रेरणा उभी होती. सगळे उठून गायला लागले आणि मी तोंड मिटून उभी. एरवी माझं सगळं लक्ष कोण आधी सुरू करतं, कुणाचा सूर उतरतो याच्यावर. काल पहिल्यांदा गीतातले शब्द ऐकले, आणि मनात आलं की आपल्या या गाण्यातून देवाला मिळतं तरी काय? पाळकसाहेबांना चिठ्ठीवर लिहून विचारलं, तर हसले आणि म्हणाले, हे मलाही कुणीतरी सांगायला हवं. तुमचं काय मत, ते कळवा.

माया आहेच, ती या मुक्या पोरीवर थोडी जास्त असू द्या.

तुमची
सोनिया


फर्दापूर
२९ जानेवारी २०२५

चि. सोनियास,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र वाचून आधी रडले, मग हसले. लहानपणी तुझं तोंड मिटावं म्हणून तुझ्या आईनं गुळाचे किती खडे संपवले! आता हळद-दूध घे आन् डॉक्टरचं ऐक.

तू विचारलंस तेच परवा बानाबाईनं विचारलं. ती शेळ्या-मेंढ्यावाली, दुपारच्याला आपल्या प्रार्थनाघराच्या भिंतीच्या सावलीत बसती. म्हणाली, तुमचा देव बहिरा हाय का, की एवढं वरडून सांगावं लागतं? मी म्हणलं, देव नाय गं बहिरा, मी हाय. दोघी लई हसलो.

मला येक आठवतं, तुझा बाप साहेबराव लहान व्हता. आई खुडणीला जायची, तवा मीच त्याला मांडीवर थोपटून भजन म्हणायची. सूर माझा तवाबी असाच. तरी त्यो झोपायचा. त्याला त्यातनं काय मिळत व्हतं, त्याला इचार.

आता मला येक सांग, तू शिकलेली हायेस. तुझ्या भावाच्या लग्नात रेकॉर्डिंग चाललं व्हतं, तवा तू जवळ येऊन म्हणालीस, आत्या, तुम्ही नुसते ओठ हलवा. खरं तेच बोललीस, राग नाय. तवापासून चार वर्सं मी प्रार्थनाघरात बी नुसते ओठच हलवते. पर कधी कधी वाटतं, बाहेर आवाज नाय गेला तर देवाच्या हिशेबी ते गाणं धरलं जातं का? तुला ठावं असंल तर लिही.

साहेबरावला आशीर्वाद. पत्राची वाट बघते.

दगडाबाई


छावणी
११ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सोनियाचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला बसायचे आणि कागद टाकून उठायचे. आत्या, मला ते आठवतसुद्धा नाही. लग्नाच्या गडबडीत मी तसं बोलले आणि विसरून गेले, आणि तुम्ही चार वर्षं ते पाळत राहिलात. बाबांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन पुन्हा स्वतः वाचलं. मग म्हणाले, तुझ्या आत्याचा आवाज म्हणजे माझी झोप होती. आत्या, मला माफ करा.

आवाज आलाय, पण घोगरा. बंदी मोडून एकदा हळूच गाऊन पाहिलं, तर वरचा सा लागतच नाही, तिथं नुसती हवा येते. पाळकसाहेबांना सांगून टाकलं की आता प्रेरणाच पुढं राहू दे, माझ्यानं व्हायचं नाही.

पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, मी फर्दापूरला येते. तुम्ही त्या दिवशी मोठ्यानं गायचं, एवढं माझं ऐका. आणि एक विचारू? नुसते ओठ हलवताना आत काय ऐकू यायचं?

राग धरला नाहीत म्हणता, ते खरं असू द्या.

तुमची
सोनिया


फर्दापूर
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सोनियास अ. उ. आ.

माफी मागितलीस, मी दिली. आता ती परत परत मागून मला थकवू नको.

आत काय ऐकू येतं म्हणतीस? आत सूर लागतो की! आतल्या आत मी तुझ्याहून बरी गाते. पर ते म्हंजे भाकरी करून कुणालाच न वाढण्यागत हाय.

मला गा म्हणतीस आन् सोता माझ्यानं व्हायचं नाय लिहितीस, ह्ये कुठलं गं? माझ्या बेसूरपणाला देव चालवून घेतो, आन् तुझ्या घोगऱ्या आवाजाला नाय? तू गाणार असलीस तर मी गाईन. नायतर ये, पुरणपोळी खा आन् जा. पेटीचा भाता उंदरांनी खाल्लाय, तवा धरायला सूरबी मिळायचा नाय. इचार करून ये.

वाट बघणारी
आत्या


छावणी
२३ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सोनियाचा स. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. घाटात गाडी तासभर अडकली होती, पण खिडकीची जागा होती.

त्या दिवशी तिथं बोलायचं राहिलं ते लिहिते. आपण अकरा माणसं होतो. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी मान हलवली आणि तुम्ही सुरुवात केलीत. इतक्या खालून, की सूर वर घ्या म्हणून खुणावायला माझा हात सवयीनं वर गेला. तो मी बाकाला घट्ट धरून ठेवला आणि तुमच्यामागं गायला लागले. माझा आवाज दोनदा फुटला. कुणी वळून पाहिलं नाही.

तिसऱ्या कडव्याला तुम्ही अचानक वर गेलात. चालीत तसं नाहीच. माझा आवाज तिथं पोहोचणार नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी गेले. सूर कमी आणि हवा जास्त निघाली, पण गेले. आत्या, वीस वर्षं गाताना पुढचा सूर मला नेहमी आधीच ठाऊक असायचा. रविवारी नव्हता. तुम्ही आता कुठं जाल, ते बघत मी गात होते.

देवाला त्यातून काय मिळालं, ते मला अजून सांगता येत नाही. पाळकसाहेबांना काल म्हणाले, प्रेरणाच पुढं असू दे, मी रांगेत उभी राहते. त्यांनी विचारलं, कुठल्या सुरात गाणार? म्हटलं, शेजारी कोण उभं राहतं ते आधी बघू द्या.

येत्या रविवारी बाबांना घेऊन येते. तुम्ही गाताना डोळा लागला तर त्यांना उठवू नका.

तुमची
सोनिया