पोळ्याआधी फुललेलं गाजरगवत

मी बायनाबाई गहिनीनाथ गाडे, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. गुडघे सोडले तर माझं सगळं शाबूत आहे, डोकं तर लईच. कोणाच्या दाबाखाली नव्हे, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. राहतं घर मुलगा हनुमान याला. डोरलं सुनेला, ते तिने आधीच घातलंय. हनुमानाला शेत देत नाही. का देत नाही, ते खाली येतंय.

२. बांधालगतची दोन एकर नात तेजश्री हिला. या शेतात गाजरगवताने माझा जीव खाल्ला. बांध साफ करायचा तो पोळ्याच्या तोंडावर, ही सासूबाईंची रीत मी जन्मभर पाळली. पूर्वी हे गवत कमरेइतकं होऊन मग फुलायचं. आता वीतभर असतानाच फुलतं. तेजश्री कृषी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "आज्जी, उशिरा फुलणारं तू दरसाली उपटलंस. जे पोळ्याआधी बी टाकून मोकळं झालं, त्याचाच वंश वाढला. ही जात तूच घडवलीस."

वर त्याला सोयरीकही लागत नाही म्हणे. एकटं झाड आपल्याच फुलांतून हजारो बिया धरतं. हनुमानासाठी मी सात वर्षं पोरी बघत हिंडले.

शेताला अट एकच: गवत चार पानांवर असतानाच उपटायचं. हनुमान अजून पोळ्याचीच वाट बघतो, म्हणून त्याला घर.

३. चुलत दीर आसाराम याने हे बी मुद्दाम माझ्या बांधावर टाकलं, असं मी एकतीस वर्षं गावभर सांगितलं. त्याच्या पोरीच्या लग्नालाही गेले नाही. खरं असं, की आमचे मालक ग्रामपंचायतीवर निवडून आले तेव्हा सत्काराच्या गुच्छात ही पांढरी बारीक फुलं होती. सुकलेला गुच्छ मीच बांधावर फेकला. याची मला फार लाज वाटते. साक्षीला त्यालाच बोलावलंय, आणि साक्षीदाराला काही देऊ नये, असं वकील म्हणतो. माफी चालते का विचारलं, तर हसला. चालते असं धरून, मागायची राहिलेली ती माफी आसारामभाऊजींच्या नावे करते.

ठिकाण: चकलांबा. दिनांक: ८ जुलै २०२४.

सही: बायनाबाई गहिनीनाथ गाडे

साक्षीदार:
१. यासीन शेख, फळविक्रेता, उमापूर. सही.
२. आसाराम गाडे, चकलांबा. सही. वहिनी, समदं वाचलं. तो गुच्छ मीच बांधून आणलता, फुलं माझ्याच बांधावरची. तुमी शिव्या देत होता तवा वाटलं, तुमाला ठावं हाय. निम्मी माफी परत घ्या. उद्या सकाळी खुरपं घेऊन येतो, पोळ्याला लई दिवस हायेत.