चार वाजताचा गिझर

पायसांदू, गुरुवार

ती. बेनिग्नाताईस,

ओतिलियाचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? निदान जिना उतरताना तरी साथ देत असतील, अशी आशा करते. आम्ही बरे आहोत, म्हणजे परवापर्यंत नव्हतो.

वीज कंपनीने आमच्याकडे नवा मीटर बसवला. जुना बिचारा मुकाट फिरायचा. हा चुगल्या करतो. कोणत्या तासाला घरात किती वीज जळली, ते मोबाइलवर उभे खांब काढून दाखवतो. (लेकीने बघायला शिकवलं. तेव्हापासून माझी झोप उडाली.) पहिल्याच आठवड्यात दिसलं, मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी चारला एक खांब भलताच उंच. त्या वेळी मी चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला असते. घरात एकटा वाल्देमार, आणि मांसाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याचं दुपारचं काम म्हणजे घोरणं. एवढी वीज आमच्याकडे फक्त गिझर खातो. वाल्देमार आंघोळ करतो सकाळी, तीही सांगितल्यावर. मग चारला गरम पाणी कोणासाठी?

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी काय केलंस?"

"झोपलो होतो."

"आणि गिझर?"

"जुना झालाय. आपला आपण तापतो," म्हणाला आणि मातेचा कडू चहा नळीने ओढत बसला.

माझा संशय शेजारच्या निदियावर. (विधवा आहे, आणि संध्याकाळी केस ओले असतात.) तिच्यावर नजर ठेवायला मी तीनदा साखर मागून आणली. काही हाती लागलं नाही. डबा तेवढा भरला.

शेवटी परवा मंगळवारी गाण्याची वही घेऊन निघाले, कोपऱ्यावरून वळले आणि मागच्या दाराने परत आले. न्हाणीघरातून वाल्देमारचा आवाज: "मान खाली कर, डोळ्यांत जाईल." ताई, लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत तो माझ्याशी इतक्या हळुवारपणे बोललेला नाही. मी दार ढकललं.

स्टुलावर कासिल्दो बसला होता. हो, तोच, वाल्देमारचा धाकटा भाऊ, जो वीस वर्षांपूर्वी लग्नाला आठवडा उरला असताना तुला सोडून निघून गेला, आणि ज्याला मी सगळ्या नातेवाइकांसमोर बजावलं होतं की माझा उंबरा ओलांडायचा नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये, डोक्यावर साबणाचा फेस. शिडीवरून पडलाय. घरी एकटा, नळाला नुसतं गार पाणी.

"केस धुऊन झाले की जातो, ओतिलिया," तो भिंतीकडे बघत म्हणाला. वाल्देमार ओल्या हातांनी आमच्यामध्ये उभा राहिला, जणू मी मारणार होते. मारणार होतेच. पण कासिल्दोच्या कानामागे फेस तसाच राहिला होता, आणि वाल्देमारला आजवर काही नीट धुता आलेलं नाही. मी पाण्याचं भांडं हातात घेतलं.

नंतर वाल्देमारला विचारलं, सांगितलं का नाहीस. म्हणाला, "तू नको म्हणाली असतीस." म्हणाले असते, हे खरं.

पत्र लांबलं. गुडघ्यांना जप.

तुझी,
ओतिलिया

ता. क. हे पत्र मीटरबद्दल आहे असं तुला वाटलं असेल. प्लास्टर निघेपर्यंत, महिनाभर, कासिल्दोला मागच्या खोलीत राहू द्यायचं का, ते तू ठरव. तू नाही म्हणालीस तर त्याच दिवशी बाहेर काढीन, वाल्देमारला काय वाटायचं ते वाटो.

आणखी एक. त्याने तुझी चौकशी दोनदा केली. मी एकदाच उत्तर दिलं.

आणखी एक. उत्तराची घाई करू नकोस. पलंग कालच लावलाय, आणि त्याचे शर्ट मीच धुऊन वाळत घातलेत.