अकराव्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय दादा,

धाकटीचा वाकून नमस्कार. वाकूनच, कारण मान वर करायची हिंमत नाही.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. झोपेचं विचारू नकोस. आईचा गुडघा कसा आहे? तुझ्या गोळ्या चालू आहेत ना?

आमच्या विभागाने विद्यार्थ्यांची पाहणी हाती घेतली आहे. झोप, ताण, दारू, सिगारेट असे प्रश्न आहेत. फॉर्म वाटायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून आधी एक स्वतः भरून बघितला. अकरावा प्रश्न होता, 'व्यसन सोडलेल्या माणसासोबत एका खोलीत राहाल का?' मी पटकन 'नाही'वर खूण केली आणि मग त्या खुणेकडे बघत बसले. बारावीपर्यंत आपण एकाच खोलीत झोपायचो रे.

माझ्या रूममेटने 'हो' लिहिलं. म्हणाली, "सोडलीय ना त्याने? मग झालं तर!" तुझ्याबद्दल मी तिला काहीच सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात तू पांघरूण घेऊन एवढ्या लांब आलास आणि मी तुला हॉस्टेलच्या फाटकातूनच परत पाठवलं. परीक्षा आहे म्हणाले, पण परीक्षा वगैरे काही नव्हती. वॉचमनच्या वहीत 'नातं' या रकान्यात मी 'ओळखीचे' लिहिलं होतं. त्या शब्दापुढेच तू सही केलीस. वाचलं असणारच. तरी "जपून राहा" एवढंच म्हणालास.

फॉर्मवरची खूण मी अजून खोडलेली नाही. नुसती खोडून काय उपयोग?

रविवारी येशील? वहीत नातं मी नीट लिहीन. तू फक्त सही कर.

तुझी सख्खी,
धाकटी