वाऱ्याचं भेव

ब्रह्मपुरी,
ता. १८ नोव्हेंबर १९५६

चि. मनसारामले बाईचा आशीर्वाद.

नाई, बिनझरोक्याची न्हानी चालनार नाई. दहादा पुसशील तरी हेच सांगीन. बल्लारपूरच्या घराचा तुहा नकाशा पाह्यला. चार भिती, एक दार, वरून सागाच्या फळ्या ठोकून बंद. न्हानी बांधून राह्यला का धान भराची कोठी?

तुह्या भाऊजीनंबी आधी अशीच बांधली होती. आंगोळ करून निघाले का घामानं थबथब. मी पुसे, न्हाले का शिजले? एका पावसाळ्यात चुना फुगला, भितीले हिरवी बुरशी. मंग मुकाट्यानं वर झरोका पाडला.

तवा ऐक. दाराच्या समोरच्या भितीत, अगदी वर, हातभर झरोका ठेव. दाराखाली चार बोटं फट. खालून गार हवा येते, वरून वाफ जाते. पान्याची चूल बाहेर. कोनी डोकावंल म्हनत असशील, त शिडी लावून तुले पाह्याले कोन येते रे बावा?

हे येवढं लिहून दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. हासत-खेळत सांगितलं त ऐकशील, असं वाटलं. पन तुहं पत्र पुन्हा वाचलं. "प्रेमिलाले सातवा लागला. पयली वच्छला झरोक्याच्या वाऱ्यानं गेली, आता दुसरीच्या वक्ती मी फटही ठेवत नाई. बाळंतिनीची शेगडी न्हानीतच ठेवीन." तू मस्करीनं ऐकनार नाई.

वच्छलाले माय नव्हती, म्हनून पयलं बाळंतपन माह्याकडं. अकरावा दिवस होता. ती न्हानीत शेगडीपाशी शेक घेत होती, लेकरू माह्या मांडीवर. मी बाहेरून चिडवून राह्यली होती, रानीसाहेब झोपल्या का म्हून.

आतून म्हने, "बाई, डोकं जड झालं. दार उघडा."

मी म्हटलं, "वारा लागंल. बस अजून जराशी."

मंग ती बोललीच नाई. मले वाटलं, रुसली.

आठ वर्सं झाली. पोरगी मले मायच म्हनते, अन् गावच्या बाया माह्या पाया पडते, भावाचं लेकरू वाढवलं म्हून. मी पाय मागं घेते. त्याइले वाटते, लाजते.

हे पत्र प्रेमिलाले वाचून दाखव. पोरीले मातर मीच सांगीन, तू नको सांगू. मिस्त्रीले उद्याच थांबव.

तिले वारा नाई लागला, मनसाराम. बाळंतिनीले वारा नको म्हून झरोक्यात गोधडीचा बोळा मी कोंबला होता. अंदर निखारे, अन् हवा कुठूनच नाई. तू घरी पोचाच्या आधी बोळा मीच काढला, अन् तुले सांगितलं, झरोका उघडा राह्यला होता.

सुगंधा